हादरा कुठे जातो?

मोटारीच्या जाहिरातीत काय काय असते ते आठवून पाहा. इंजिनाची ताकद असते, वेगाचा आकडा असतो, बैठकीचे मऊ कातडे असते, रंगाच्या पाचपंचवीस छटा असतात. पण ते सगळे इंजिन ज्या दोन-चार रबरी ठोकळ्यांवर बसलेले असते, त्यांच्याविषयी एक अक्षर सापडणार नाही. त्यात जाहिरातवाल्यांचा दोष नाही. घर विकताना जोत्याचा दगड कोण दाखवतो?

या ठोकळ्यांना पुस्तकात 'इंजिन माउंटिंग' म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री मात्र 'फौंडेशन' म्हणतात, आणि मला तोच शब्द अधिक पसंत आहे. गिअर टाकला की खालून 'ठक्' असा आवाज येतो, अशी तक्रार घेऊन तुम्ही गॅरेजात गेलात, तर मिस्त्री बॉनेट उघडतो, पोऱ्याला गिअर टाकून क्लच किंचित सोडायला सांगतो, इंजिन कसे एका अंगाला उसळते ते बाजूने बघतो आणि हात पुसत म्हणतो, "साहेब, फौंडेशन गेलंय." आपण मान डोलावतो, पैसे देतो आणि घरी येतो. काय गेले आणि त्याच्या जागी काय आले, हे विचारायचे राहूनच जाते.

यंदा या सदरात ते विचारायचे ठरवले आहे. दिवाळीच्या फराळात रबराचा ठोकळा कशाला वाढता, असे कोणी म्हणेल. पण हा ठोकळा तुमच्या स्वयंपाकघरातही आहे. मिक्सर उलटा करून पाहा. खाली रबरी पाय दिसतील. त्यातला एखादा गळून पडला की चटणी वाटताना मिक्सर ओट्यावरून चालू लागतो आणि शेजारची भांडी वाजू लागतात. मिक्सर तोच, चटणी तीच. गेला तो फक्त बोटाच्या पेराएवढा रबराचा तुकडा. मोटारीचे फौंडेशन म्हणजे हेच. वर मिक्सरऐवजी शंभर-दीडशे किलोचे इंजिन असते, एवढाच फरक.

आता पहिला प्रश्न असा की, चांगले नवे इंजिन मुळात थरथरते कशासाठी? चार सिलिंडरच्या इंजिनात दोन दट्टे वर जातात तेव्हा दोन खाली येतात. वरवर पाहता तागडी अगदी समतोल. पण दट्ट्याला फिरवणारा दांडा तिरपा होत जातो, त्यामुळे वरच्या अर्ध्या प्रवासात दट्ट्याची गती वेगळी आणि खालच्या अर्ध्या प्रवासात वेगळी. परिणामी वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना पुरते फेडत नाहीत. थोडी बाकी उरते, आणि ती बाकी प्रत्येक फेऱ्यात दोनदा इंजिनाला वर-खाली झटका देते. त्यातच प्रत्येक फेऱ्यात दोनदा पेट्रोलचा भडका उडतो, त्याचा धक्का वेगळा. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन मिनिटाला ८५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे २८ झटके झाले. यात बिघाड काही नाही. चार सिलिंडरचा तो स्वभावच आहे.

सुरुवातीच्या मोटारींत इंजिन सरळ सांगाड्याला बोल्टांनी जखडलेले असे. झटके सांगाड्यात, सांगाड्यातून बैठकीत आणि बैठकीतून माणसाच्या हाडांत. ज्यांना परवडे ते सहा किंवा आठ सिलिंडरांची गाडी घेत. तिचे हादरे कमी. चार सिलिंडरवाल्यांनी दात आवळून बसावे. १९३१ साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने आपल्या स्वस्त प्लिमथ गाडीत एक युक्ती केली. इंजिनाला दोन ठिकाणी रबरावर बसवले, पुढे उंचावर आणि मागे गिअरबॉक्सच्या खाली ठेंगण्या जागी, अशा बेताने की दोन्ही जागा जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जावी. इंजिनाला डुलायचेच आहे ना, तर त्याच्या स्वतःच्या आसाभोवती डुलू द्यावे; आणि फार डुलू नये म्हणून बाजूला एक पाटा लावावा. या युक्तीला त्यांनी 'फ्लोटिंग पॉवर' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने परवाना घेऊन ती आपल्या गाड्यांत आणली आणि तिच्यासाठी हंसाचे चिन्ह घेतले. हंस पाण्यावर तरंगतो आणि त्याच्या पायांची वळवळ वर दिसत नाही. चिन्ह शोधणारा माणूस रसिक असला पाहिजे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रबर हादरा 'खाऊन टाकते' असे आपण म्हणतो. रबर थोडासा हादरा उष्णतेच्या रूपाने खाते हे खरे, पण बहुतेक हादरा ते खात नाही. ते त्याला पलीकडे जाऊ देत नाही. इंजिन आपल्या जागी थरथरत राहते आणि गाडीचे अंग निवांत राहते. ही किमया कशी होते हे झोपाळ्यावरून समजेल. झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत झोका दिलात तर तो वाढत वाढत आढ्यापर्यंत जातो. पण त्या लयीहून कितीतरी जलद, थरथर हातांनी ढकलत राहिलात, तर झोपाळा जवळजवळ जागच्या जागी राहतो. रबरावर बसलेल्या इंजिनाचीही अशीच लय असते. रबर मऊ असेल तर लय संथ, कडक असेल तर जलद.

थोडा हिशेब करू. भीती बाळगू नका, पाढ्यांपलीकडे काही नाही. समजा मऊ रबरावर इंजिनाची लय सेकंदाला १० आहे, आणि झटके येतात २८. झटके लयीच्या पावणेतीनपट जलद झाले. अशा वेळी झटक्याचा साधारण सातवा हिस्साच गाडीच्या अंगात पोचतो. आता रबर चौपट कडक केले. लय दुप्पट झाली, म्हणजे २०. झटके तेच, २८. आता ते लयीच्या जेमतेम १.४ पट राहिले, आणि याच ठिकाणी रबराचा सगळा उपयोग संपतो: सातव्या हिश्श्याऐवजी सोळा आणे हादरा आत येतो. आणखी कडक केलेत तर तो कमी होण्याऐवजी वाढू लागतो. मात्र गाडीने वेग घेतला, इंजिन ३००० फेऱ्यांवर गेले, की झटके सेकंदाला १०० होतात आणि कडक रबरही बरेचसे काम करू लागते. एस.टी. स्टँडवर उभ्या बसच्या काचा खडखडा वाजतात आणि बस फलाट सोडून भरधाव निघाली की गप्प होतात, तेव्हा तुम्ही हाच हिशेब कानाने ऐकलेला असतो. धुण्याचे यंत्र गरगर फिरताना शांत असते आणि थांबता थांबता अंगात आल्यासारखे करते, तेही याचमुळे.

तर मग रबर जितके मऊ तितके बरे, असे का नाही? कारण फौंडेशनला दुसरेही काम आहे, आणि ते पहिल्याच्या नेमके उलटे आहे. इंजिन चाकांना फिरवते तेव्हा तितक्याच जोराने स्वतः उलट दिशेला फिरू पाहते. त्याला धरून ठेवायचे, तेही याच रबराने. एका हाताने सोडायचे आणि दुसऱ्या हाताने धरायचे, असा हा संसार आहे.

धरणारा हात सुटला तर काय होते, याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला. १९६५ ते १९७० या काळातल्या शेव्हरोले गाड्यांत फौंडेशनचे रबर धातूपासून सुटू लागले. जोर दिला की इंजिन एका बाजूने वर उचलले जाई, त्याबरोबर ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जाई, आणि पाय काढला तरी गाडी जोरातच पळत राही. १९७१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दुरुस्ती अगदी साधी होती. रबर तुटले तरी इंजिन वर उचलले जाऊ नये म्हणून त्याला तारेचा एक दोर बांधायचा. तात्पर्य, हा मामला नुसत्या आरामाचा नाही.

हे सगळे मला ठाऊक होते ते कारखान्यातल्या यंत्रांमुळे. चाळीस वर्षे त्यांच्या देखभालीत गेली. पण मऊ की कडक हा वाद एका घरात, जेवणाच्या टेबलावर, भाजी थंड होईपर्यंत चाललेला मी पाहिला तो २०२२ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडातल्या कव्हेंट्री शहरी. माझा भाचा तिथे नोकरीला आहे. कव्हेंट्री हे जुने मोटारींचे गाव. आपल्याकडे मद्रासला १९६१ पासून जी स्टँडर्ड हेराल्ड होऊ लागली, तिचे मूळही इथल्याच ट्रायम्फ हेराल्डमध्ये. ते कारखाने आता नाहीत, पण गल्लीगल्लीत गाड्या उघडून बसणारे हौशी लोक आहेत, आणि त्यांचे वारे माझ्या भाच्यालाही लागले आहे.

त्याची गाडी १९९० सालची माझ्दा एमएक्स-५. दोन माणसांची, उघड्या टपाची, हजार किलोंच्याही आत वजनाची ही जपानी स्पोर्ट्‌स कार १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. साठच्या दशकातल्या हलक्याफुलक्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्या डोळ्यांसमोर ठेवून जपान्यांनी ती केली, आणि २०१६ साली तिची दहा लाखावी प्रत तयार झाली. घोडा आणि स्वार एक व्हावेत, अशा अर्थाचा एक जपानी शब्द तिच्या कर्त्यांनी तिच्यासाठी घेतला होता. भाच्याला स्वार व्हायचे होते.

तीस वर्षांच्या गाडीला जे व्हायचे ते झाले होते. क्लच घसरत होता, दुसरा गिअर खरखर केल्याशिवाय पडत नव्हता, मागच्या डिफरन्शिअलमधून तेल ठिबकत होते. म्हणून त्याने क्लच, गिअरबॉक्स, मधला फिरता दांडा आणि डिफरन्शिअल हे सगळेच खाली उतरवून नव्याने बांधायला घेतले होते. एवढे उघडलेच आहे तर फौंडेशनही बदलून टाकू, हा विचार त्याच्या पाठोपाठ आलाच. टेबलावर एक खोके होते. त्यात पॉलियुरेथेनची, चांगली कडक, लालभडक माउंटिंगे होती. माझ्दाची नव्हेत; बाहेरच्या एका कारखान्याची. आपल्याकडे बाहेरचा माल म्हटला की 'डुप्लिकेट' असा संशय येतो. इथे तसे नव्हते. स्पर्धेत गाडी पळवणाऱ्यांसाठी मुद्दाम वेगळी केलेली, मूळ भागापेक्षा महाग अशी ती वस्तू होती.

"मामा, ही बसवली की गाडी बोटावर नाचेल," भाचा म्हणाला. "आत्ता पाय दाबला की आधी इंजिन डुलतं, मग गाडी निघते. गिअरचा दांडा तर हातात उड्या मारतो."

भाचेसून शांतपणे पोळी मोडत होती. ती एका रुग्णालयात काम करते. आठवड्यातले चार दिवस ही गाडी तीच नेते. जायला चाळीस मिनिटे, यायला चाळीस. मुलीला शाळेत सोडणारी मोठी गाडी त्या दिवशी भाच्याकडे असते. दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेच्या मणक्याचे दुखणे इतके वाढले होते की तीन महिने बिछान्यावर काढावे लागले. "रविवारी ह्यांना नाचायचंय," ती म्हणाली, "म्हणून सोमवारी मी थरथरायचं का? मामा, तुम्हीच सांगा."

अशा वेळी मामाने काय सांगायचे असते हे मला पुरते ठाऊक आहे. मी म्हटले, आधी जुनी रबरे दाखव.

या गाडीची रचना पाहण्यासारखी आहे. गिअरबॉक्सच्या शेपटीपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब, भोकाभोकांची तुळई जाते. तिच्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल मिळून एकच ताठ कणा होतो. गिअरबॉक्सला स्वतःचे वेगळे फौंडेशन नाहीच. पुढे इंजिनाच्या दोन अंगांना दोन रबरे, मागे डिफरन्शिअलच्या दोन अंगांना दोन. चार भोयांच्या खांद्यावर पालखी असावी तसे. एका भोयाचा खांदा पडला तरी पालखी पडत नाही, पण आतल्या माणसाला प्रत्येक पावलाला कळते. आणि ओझे काही लहान नाही. हे १.६ लिटरचे इंजिन जास्तीत जास्त १३५ न्यूटन-मीटर पीळ देते. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स तो ३.१३६ पटींनी वाढवून ४२३ च्या आसपास नेतो. मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला ४३ किलोंचे पोते लोंबकळावे, इतका तो पीळ झाला. दर सिग्नलला निघताना इंजिनाला तितक्या पिळाने उलटे फिरायचे असते.

भाच्याने जुनी माउंटिंगे कोपऱ्यातल्या डब्यातून काढली. उजवे वाळून दगड झालेले, भेगाळलेले, आणि वजनाने चेपून चांगलेच बुटके झालेले. डावे तेलाने माखलेले होते. नैसर्गिक रबराला तेल म्हणजे वाळवी. ते पुसून मी दोन्ही हातांनी ताणले, तर रबर आणि लोखंडी पट्टी यांच्यामध्ये जबडा उघडावा तशी फट पडली. आत नाणे सहज गेले असते. तीस वर्षे इमानाने ओझे वाहिल्यावर त्याचा जोड सुटला होता.

मी त्याला एवढेच विचारले, "तुझी तक्रार रबर मऊ आहे ही आहे, की रबर फाटलंय ही?"

"दोन्ही एकच ना?"

"नवं रबर बसवून पाहिल्याशिवाय कसं कळणार?"

पण खोक्यातली वस्तू आधीच विकत घेतलेली होती, आणि तरुण माणसाच्या खोक्यातली वस्तू बसल्याशिवाय राहत नाही. सूनबाई म्हणाली, "बसवू देत. मी आठ दिवस चालवते, मग बोलते." मला तिचे फार कौतुक वाटले. वाद मिटवायला प्रयोगासारखा पंच नाही.

बसवण्याचे काम दोन दिवस चालले. त्यातल्या काही गोष्टी कोणत्याही गाडीला लागू आहेत, म्हणून सांगतो. इंजिन खालून जॅकने उचलायचे ते तेलाच्या पत्र्यावर जाड लाकडी फळी ठेवून आणि अगदी बेताने, नाहीतर पत्रा चेपतो. उचलताना पाण्याचे नळ, तारा आणि धुराड्याची जोडणी ताणली जात नाही ना, यावर दुसऱ्या माणसाने डोळा ठेवायचा. तो माणूस मी होतो. इंजिन आणि गाडीचे अंग यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी परत लावायला विसरायचे नाही. रबर हादऱ्याप्रमाणे विजेलाही अडवते. ती पट्टी नसली तर स्टार्टरचा जबर प्रवाह भलत्याच तारांतून वाट काढतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नट आधी नुसते बोटाने लावायचे. इंजिनाचे सगळे वजन रबरावर येऊ द्यायचे, त्याला दोन्ही हातांनी जरा हलवून आपली जागा घेऊ द्यायची, आणि मगच आवळायचे. वाकडे धरून आवळलेले रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते. या गाडीत आणखी एक पायरी आहे. ती तुळई आवळण्यापूर्वी गिअरबॉक्सची शेपटी जॅकने कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या उंचीवर आणावी लागते. त्यात चूक झाली तर मधला फिरता दांडा तिरपा राहतो आणि वेगात एक वेगळीच थरथर सुरू होते. मग माणूस निष्पाप रबराला दोष देत बसतो.

इंजिन सुरू झाले. बॉनेटखाली ते अगदी स्तब्ध दिसत होते. आतली गाडी मात्र जागी झाली होती. आरशातले मागचे घर दोन घरे असल्यासारखे दिसू लागले. गिअरच्या दांड्याजवळच्या खळग्यात ठेवलेली नाणी गोल गोल फिरू लागली. भाच्याने मला एक चक्कर मारून आणले. खोटे कशाला बोलू, रस्त्यावर गाडी सुरेख होती. पाय दाबताच निघत होती, गिअर कुलपात किल्ली फिरावी तसे पडत होते. इंजिनाने वेग घेतल्यावर थरथरही निवली. राहिला तो एक घुमणारा आवाज, आणि भाच्याला तो आवाज म्हणजे संगीत वाटत होते.

आठ दिवसांनी सूनबाईने निकाल दिला. त्याची भाषा मी विसरलेलो नाही. ती म्हणाली, "गाडी पळते तेव्हा छान आहे. थांबते तेव्हा मला ती नको होते. आणि कव्हेंट्रीत सकाळी साडेसातला मी पळते कमी, थांबते जास्त." सिग्नलला उभे राहिले की ती गिअर काढून ॲक्सिलरेटरवर जरासा पाय ठेवी, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढून थरथर कमी होई. पुस्तक न वाचता तिने आमचा १.४ चा नियम स्वतःच्या पाठीने शोधून काढला होता. पण शुक्रवारी संध्याकाळी तिला गाडीतून उतरताना दाराला धरावे लागले, हे तिने सांगितले नाही. ते भाच्याने पाहिले होते.

शनिवारी सकाळी तो न बोलता गॅरेजात गेला. मूळ धाटणीची, साध्या मऊ रबराची नवी जोडी त्याने आदल्या रात्रीच मागवली होती. पुन्हा फळी, पुन्हा जॅक, पुन्हा माझा एक डोळा नळावर. दुपारी इंजिन सुरू केले, तेव्हा आरशात एकच घर दिसत होते. मग तो एकटा चक्कर मारायला गेला, आणि बराच वेळ आला नाही. आला तो वेगळाच चेहरा घेऊन.

"मामा, दांडा उड्या मारत नाही. निघताना डुलतही नाही. लाल रबरावर होती तितकी नाही, पण जवळजवळ तशीच आहे. मी ज्याला मऊपणा समजत होतो, तो फाटकेपणा होता."

या विषयात मला जे सांगायचे आहे, त्यातले अर्धे त्या एका वाक्यात आले. जुन्या गाडीला कडक माउंटिंगे बसवून खूश झालेले लोक तुम्हाला भेटतील. त्यांचा आनंद खरा असतो, पण त्यांनी तुलना केलेली असते मेलेल्या रबराशी. नव्या मऊ रबराशी तुलना करण्याची वेळ त्यांच्यावर आलेलीच नसते. सुधारणेतला मोठा वाटा कडकपणाचा नसतो, धडधाकटपणाचा असतो.

याचा अर्थ कडक माउंटिंग वाईट, असा मुळीच नाही. शर्यतीच्या मैदानात तेच योग्य. १९६७ सालच्या लोटस ४९ या शर्यतीच्या गाडीत तर इंजिन रबराशिवाय सरळ गाडीच्या अंगाला बोल्टांनी जोडले होते. इंजिन हाच गाडीचा मागचा सांगाडा होता. ती पहिल्याच शर्यतीत, हॉलंडात, जिम क्लार्कच्या हाती जिंकली. पण क्लार्कला त्या गाडीतून रोज कामावर जायचे नव्हते. पोर्शने २००९ साली ९११ जीटी३ या गाडीसाठी दोन्ही डगरींवर हात ठेवणारे माउंटिंग आणले. त्यात लोहकणांचा द्रव असतो. विजेने चुंबकत्व दिले की तो घट्ट होतो. गाडी जोरात हाकली की माउंटिंग कडक, सावकाश चालली की मऊ. साध्या गाड्यांतही आता तेलाने भरलेली माउंटिंगे सर्रास असतात: आतल्या दोन कप्प्यांतून अरुंद वाटेने तेल फिरते, लहान थरथरीला ते मऊ लागते आणि मोठ्या उसळीला आवरते. एवढी बुद्धी खर्च करूनही प्रश्न तोच राहिला आहे, सोडायचे किती आणि धरायचे किती.

तुमच्या घरी गाडी असेल तर एवढे ध्यानात ठेवा. गिअर टाकताना किंवा निघताना खालून ठोका बसतो, पाय काढला की दांडा पुढे-मागे उडी घेतो, किंवा सिग्नलला पूर्वी नसलेली थरथर जाणवते, यांतले काही झाले तर फौंडेशन बघायला सांगा. एक गेले असेल तर जोडीने बदला. नव्याच्या शेजारी चेपलेले जुने ठेवले तर नव्यावरच पीळ पडतो. इंजिनातून तेल ठिबकत असेल तर आधी ते बंद करा, नाहीतर नवे रबर जुन्याच वाटेने जाईल. आणि कोणी कडक, रंगीत, शर्यतीचे माउंटिंग सुचवले, तर त्याची किंमत विचारण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: इंजिनाचा जो हादरा आज रबरापाशी थांबतो, तो उद्या कुठे जाणार?

उत्तर दर वेळी सारखेच आहे. तो बैठकीत जाणार, आणि बैठकीवर कोणीतरी बसलेले असणार. म्हणून रबर मऊ हवे की कडक, हे इंजिनाला विचारून ठरत नाही आणि गाडीच्या हौशी मालकाला विचारूनही ठरत नाही. जो सोमवारी सकाळी साडेसातला त्या बैठकीवर बसतो, त्याला विचारावे लागते. घरातले पुष्कळसे निर्णय आपण या क्रमाने घेत नाही. निदान मोटारीचा तरी घ्यावा.

ती लाल माउंटिंगे भाच्याने शर्यतीची गाडी बांधणाऱ्या एका मित्राला अर्ध्या किमतीत दिली. तिथे ती योग्य जागी पडली आहेत. आणि एमएक्स-५ आजही आठवड्यातले चार दिवस रुग्णालयाच्या आवारात उभी असते.